सालाझारचं 'बोलायचंच नाही' हे धोरण: गोव्याच्या वाटाघाटी नेमक्या अडल्या कुठे?

कोपऱ्यातला

दर डिसेंबरात १९ तारीख, म्हणजे १९६१ चा गोवा मुक्तिदिन, जवळ आली की तोच वाद नव्याने पेटतो. नेहरूंनी चौदा वर्षं घालवली, अमुक असते तर तमुक झालं असतं वगैरे. त्यासाठी इथे आधीच दहा धागे आहेत, अकरावा नको. माझं डोकं खाणारा प्रश्न वेगळा आहे. या चौदा वर्षांत भारत आणि पोर्तुगाल गोव्याच्या भवितव्यावर समोरासमोर बसले तरी का?

तर नाही. तशी बोलणी कधी सुरूच झाली नाहीत. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने लिस्बनला एक टिपण दिलं, की हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याबद्दल चर्चा करू या. साडेतीन महिन्यांनी, १५ जूनला उत्तर आलं: हा विषय चर्चेचा नाहीच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मला त्यानंतरची खेळी जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही.

११ जून १९५१ ला पोर्तुगालने स्वतःची घटना बदलली. १९३० चा 'वसाहत कायदा' घटनेत विरघळवून टाकला आणि 'वसाहत' हा शब्द खोडून तिथे 'सागरापारचा प्रांत' असं लिहिलं. झालं! काल जी वसाहत होती तो आज देशाचा प्रांत. आणि स्वतःच्या प्रांताबद्दल कुठला देश परक्याशी बोलणी करतो? तुम्ही सोलापूरबद्दल कुणाशी वाटाघाट कराल का?

माझं म्हणणं असं की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची ही सगळ्यात हुशार चाल होती आणि तीच त्याला शेवटी भोवली. दार लावून घेतलं की बाहेरचा आत येत नाही हे खरं, पण आतल्यालाही बाहेर पडता येत नाही. घासाघीस करायची तर काहीतरी सोडायची तयारी लागते. सगळंच घटनेत कोंबल्यावर सोडण्यासारखं त्याच्या हातात उरलं काय?

(भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली तीही ११ जूनलाच, १९५३ साली. योगायोगच असावा, पण मजेशीर आहे.)

मांडवी_काठ

गोंयकार म्हणून दोन गोष्टी.

पहिली, 'वसाहत' हा शब्द आम्हाला आधी कुणी चिकटवला तेही बघा. आजोबांच्या जुन्या कागदांवर वर 'एस्तादो द इंडिया' असं छापलेलं असायचं, म्हणजे 'हिंदुस्थान राज्य'. ते नाव सोळाव्या शतकापासूनचं. १९३० च्या कायद्याने वसाहतींवर राज्य करणं आणि तिथल्यांना 'सुसंस्कृत' करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्य ठरवलं, तेव्हा इथला शिकलेला ख्रिस्ती वर्गसुद्धा बिथरला होता. लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी सरकारी कौन्सिलात त्याविरुद्ध ठराव मांडला, स्वयंनिर्णयाचा हक्क आम्हालाही आहे म्हणून. त्यामुळे १९५१ ला 'प्रांत' केलं ही काही मेहेरबानी नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी चिकटवलेली पाटी काढून जुनीच परत लावली, एवढंच.

दुसरी, पाटी बदलली म्हणून पणजीत मोकळी सभा घेता आली नाही की हवं ते छापता आलं नाही. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांना सभेतून उचलून नेलं होतं. १९५२ ला ती सभा घेतली असती तरी तेच झालं असतं.

तिरपागडं

लेख आवडला, पण जरा एकतर्फी आहे राव.

पोर्तुगाल बोलायला तयार नव्हता, मान्य. पण भारत तरी नेमकं काय बोलायला तयार होता? आपली भूमिका पहिल्यापासून एकच होती: गोवा भारताचा, बोलणी फक्त तो कसा आणि केव्हा द्यायचा यावर. नेहरूंनी धर्म, भाषा, चालीरीती जपू अशी आश्वासनं जाहीरपणे दिली, ती पाळलीही. पण मधली काही पायरी, म्हणजे आधी स्वायत्तता, मग काही वर्षांनी लोकांचा कौल, असलं काही मांडलं का? समोरच्याला शरण या किंवा गप्प बसा एवढेच दोन पर्याय दिले तर हटवादी माणूस गप्प बसणारच. सालाझार तर हटवाद्यांचा मेरुमणी.

शिवाय १९५१ ची घटनादुरुस्ती काय फक्त गोव्यासाठी होती? अंगोला, मोझांबिक, गिनी, तिमोर, सगळ्यांचंच नाव बदललं. तुम्ही ती गोव्याच्या टिपणाला दिलेलं उत्तर म्हणून रंगवताय.

कोपऱ्यातला

@तिरपागडं, दुसरा मुद्दा कबूल, माझी मांडणी ढिली झाली. दुरुस्ती सगळ्या साम्राज्यासाठी होती. तिच्यामागे संयुक्त राष्ट्रांचा धाकही होता, कारण सनदेचं ७३ वं कलम सांगतं की ज्यांच्याकडे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत त्यांनी त्यांची माहिती सरचिटणीसांकडे पाठवावी. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ ला सभासदत्व मिळालं, आणि दोनच महिन्यांत सरचिटणीसांचं विचारणापत्र आलं: तुमच्याकडे असे प्रदेश आहेत का? उत्तर: एकही नाही. आमच्या घटनेप्रमाणे आम्ही एकसंध राष्ट्र आहोत. १९५१ ला लावलेलं कुलूप पाच वर्षांनी असं कामाला आलं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार, कारण भारताची हीच मागणी फ्रान्सकडेही होती. आणि फ्रान्सच्या घटनेतही कुलूप होतं! १९४६ च्या फ्रेंच घटनेचं २७ वं कलम म्हणतं की तिथल्या जनतेच्या संमतीशिवाय प्रदेश दुसऱ्याला देता येणार नाही. मग पुदुच्चेरी कशी सुटली?

हा भाग मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. बंगालमधल्या फ्रेंच चंद्रनगरला १९४९ ला सरळ सार्वमत झालं, ७,४६३ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ११४ विरोधात. त्यानंतर उरलेल्या चार ठिकाणी सार्वमताचं घोंगडं पाच वर्षं भिजत पडलं, मतदारयाद्या कशा, देखरेख कुणाची यावरून. मग १९५४ ला व्हिएतनाममधलं फ्रेंच ठाणं दिएन बिएन फू पडलं, फ्रान्समध्ये मांदेस-फ्रान्सचं सरकार आलं आणि एक पळवाट निघाली. सगळ्या जनतेचं मत घेण्याऐवजी निवडून आलेल्या प्रतिनिधींचं घ्यायचं. १८ ऑक्टोबर १९५४, किळूर नावाचं खेडं. १७८ प्रतिनिधी, १७० विलीनीकरणाच्या बाजूने, ८ विरोधात. घटनेतल्या 'जनतेची संमती' या शब्दांची बूज राहिली.

आणि खरी गंमत पुढे आहे. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रान्सने दिला तो फक्त कारभार. सार्वभौमत्व नाही! त्याचा करार २८ मे १९५६ ला झाला, आणि तोही फ्रेंच संसदेने मंजूर करून १६ ऑगस्ट १९६२ ला कागदांची देवाणघेवाण झाली तेव्हाच लागू झाला. म्हणजे पावणेआठ वर्षं पुदुच्चेरीत तिरंगा फडकत होता आणि कायद्याने ती फ्रान्सची होती. कुणाचंही काही अडलं नाही. पॅरिसमध्ये कुणाला 'आम्ही प्रदेश सोडला' असं म्हणावं लागलं नाही, आणि दिल्लीला हवा होता तो ताबा मिळाला.

ताबा आधी, कागद नंतर. मधली पायरी विचारत होतात ना? ती हीच, आणि १९५४ च्या नोव्हेंबरापासून सगळ्या जगासमोर होती. लिस्बनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खाटखूट

एक शंका. नाकेबंदीच्या काळात गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे असं ऐकलंय. खरं का?

मांडवी_काठ

@खाटखूट, हो, आमच्याकडे घरोघरी सांगतात. बटाटे हॉलंडचे, वाईन पोर्तुगालची, सिमेंट जपानचं. भारताने रेल्वे, माल, पैशांची देवघेव सगळं अडवलं तेव्हा वाटलं होतं की पोट आवळलं की लिस्बन टेबलावर येईल. झालं उलटंच. त्याच वर्षांत लोहखनिजाचा धंदा वाढला, मुरगाव बंदरातून जपान आणि जर्मनीला जहाजं जाऊ लागली. नाकेबंदीचा चटका बसला तो घाटावर आणि मुंबईत राबणाऱ्या माणसांना. आजी सांगायची, आजोबा मुंबईत भांडुपला कामाला होते, त्यांची मनीऑर्डर बंद झाली. मग कुणीतरी ओळखीचं निघालं की नोटा लुगड्याच्या घडीत घालून पाठवायचे. दबाव कुणावर टाकायचा होता आणि पडला कुणावर!

जुनाटपान

बरेच दिवसांनी लिहितोय. वकिली करतो, त्यामुळे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्याबद्दल कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. बोलायचंच नाही म्हणणारा पोर्तुगाल कोर्टात मात्र अगदी हौसेने गेला होता.

जुलै-ऑगस्ट १९५४ ला दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मोकळी केली. दमणहून तिथे जायचं तर भारताच्या हद्दीतून जावं लागे, आणि भारताने वाट बंद केली. आता तारखा बघा. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत, १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य केला आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला. आठ दिवसांत! आपण सावध होऊन आपलं मान्यतापत्र बदलेपर्यंत खटला दाखलही झाला होता. हे घाईघाईचं दाखल करणं म्हणजे दगाबाजी आहे असा आक्षेप आपण घेतला, तो १९५७ ला फेटाळला गेला.

पण मराठी माणसाने हा निकाल वाचावा तो वेगळ्याच कारणासाठी. पोर्तुगालचं म्हणणं, ही परगणी आम्हाला पेशव्यांनी १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि पुढच्या सनदांनी दिली, म्हणजे सार्वभौमत्वच दिलं. भारताचं म्हणणं, छे, तो नुसता सरंजाम होता. महसूल खा, मालकी नाही. आणि हेगच्या त्या दालनात पंधरा-एक न्यायाधीश 'जहागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांचा कीस पाडत बसले. तहाचा मराठी मजकूर काय, पोर्तुगीज मजकूर काय. शेवटी न्यायालयाने आपलंच मानलं: मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे.

इथे टाळ्या वाजवू नका, कारण पुढच्याच परिच्छेदात ते म्हणतात की नंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व गृहीत धरलं आणि भारतानेही पुढे ते चालू दिलं. म्हणजे पेशव्यांनी न दिलेलं इंग्रजांच्या गप्प बसण्याने मिळालं.

१२ एप्रिल १९६० चा निकाल असा: साधी माणसं, मुलकी अधिकारी, माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता. आणि वाट बंद करून भारताने काही बेकायदा केलं नाही. पोर्तुगालच्या हाती आला तो शिपायाविना सार्वभौमत्वाचा दाखला. त्याचं करणार काय? फ्रेम करून लावा.

तिरपागडं

@जुनाटपान, सरंजामाचा किस्सा माहीत नव्हता. धागा वसूल.

पण मी अजून माझ्या जागी आहे. पुदुच्चेरीची तुलना फसवी आहे. फ्रान्स लोकशाही देश होता, तिथे सरकार बदललं की धोरण बदलतं. पोर्तुगालमध्ये एकच माणूस १९३२ पासून पंतप्रधान. आणि फ्रान्सला पुदुच्चेरी सोडून फार काही गमवायचं नव्हतं. सालाझारने गोव्याला 'ताबा आधी, कागद नंतर' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात, कुणी तेच मागितलं असतं. गोवा त्याला परवडत होता म्हणून नव्हे, अंगोला गमावणं परवडत नव्हतं म्हणून त्याने गोवा धरून ठेवला.

अमेरिकेचंही तेच. अझोर्स बेटांवरचा विमानतळ तिला हवा होता, भाडेकराराची मुदत १९६२ ला संपत होती. २ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख 'पोर्तुगीज प्रांत' असा आला, म्हणजे लिस्बनची पाटी वॉशिंग्टननेच उचलून धरली. पाठीशी असा माणूस असल्यावर कोण कशाला बोलणी करेल?

कोपऱ्यातला

@तिरपागडं, हे माझ्या मूळ लेखापेक्षा चांगलं मांडलंत, खोटं कशाला बोलू. फक्त एक पुस्ती. पाठीशी असणारा वेळ आली की किती पुढे येतो हे सालाझारने कधी तपासलंच नाही. नाटोच्या कराराचं सहावं कलम उत्तर अटलांटिकपुरतं, गोवा त्यात बसत नाही. इंग्लंडशी मैत्रीचा तह १३७३ चा, पण राष्ट्रकुलातल्या भारताशी इंग्लंड लढेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि १९६० च्या डिसेंबरात पायाखालची सतरंजीच ओढली गेली. १४ तारखेला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ठराव १५१४. दुसऱ्या दिवशी १५४१, ज्यात कसोटी सांगितली: प्रदेश मुलखाने तुटक आणि वंश-संस्कृतीने वेगळा असेल तर त्याची माहिती द्यावीच लागेल, घरच्या घटनेत काहीही लिहिलेलं असो. आणि त्याच दिवशी १५४२, ज्यात पोर्तुगालच्या प्रदेशांची नावानिशी यादी, 'गोवा आणि त्यावर अवलंबून असलेले, ज्यांना हिंदुस्थान राज्य म्हणतात' यासकट. नऊ वर्षांचं कुलूप एका यादीने उघडलं.

मांडवी_काठ

आणि पुढचं वर्षभर तरी? फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोला पेटलं, तरी लिस्बन जागचं हललं नाही. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळ्या झाडल्या. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ दिल्लीत धावपळ करत होते की कारवाई पुढे ढकला. १४ डिसेंबरला सालाझारचा गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वांना संदेश आला: शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. तीन-साडेतीन हजार माणसं, धड विमानं नाहीत, आणि हा हुकूम! वासालु इ सिल्वांनी १९ तारखेला शरणागतीवर सही केली आणि शेकडो जीव वाचवले. मायदेशी गेल्यावर त्यांना लष्करातून काढून टाकलं.

मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. बारा वर्षांत ज्यांनी एक वाक्य बोलायचं नाकारलं ते लिस्बनमध्ये सुखरूप, आणि शेवटचं वाक्य लिहायची पाळी याच्यावर.

जुनाटपान

सुरक्षा समितीचं मतदान विसरू नका. १८ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला ७ मतं पडली, विरोधात ४: सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. सालाझारच्या दहा वर्षांच्या मौनाचा हिशोब त्या चार हातांत दिसतो. आशिया-आफ्रिकेतल्या तिघांनी पोर्तुगालसाठी बोट उचललं नाही.

खाटखूट

या सगळ्यात गोवेकरांना कुणी विचारलं का? सालाझारने नाही, नेहरूंनी नाही.

मांडवी_काठ

@खाटखूट, विचारलं, पण दुसऱ्याच प्रश्नावर आणि पाच वर्षं उशिरा. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. आमच्या घरात आजोबा फूल, आजी दोन पानं. आठवडाभर अबोला, जेवणाचं ताट वाढून आजी मागच्या दारी जाऊन बसायची. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आजोबा शेवटपर्यंत म्हणत, आपण चुकलो नाही, मोजणारे चुकले.

इथल्या अर्ध्या लोकांना हे बोचेल, माहीत आहे :)

तिरपागडं

बोचतंय खरं. पण तो वेगळा धागा. काढा कुणीतरी.

कोपऱ्यातला

शेवटी कागद कसा झाला तेवढं लिहून माझं संपवतो. एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली, राजवट गेली. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालकडून सही परराष्ट्रमंत्री मारियो सुआरेश यांची, भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. करारातलं पहिलं कलम मला पाठ आहे, कारण ते फार काळजीपूर्वक लिहिलंय: गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवर भारताचं पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालला मान्य, भारताच्या घटनेनुसार ते ज्या तारखांना भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. म्हणजे गोव्यासाठी २० डिसेंबर १९६१. ना युद्धाचा उल्लेख, ना माफीचा. तेरा वर्षं मागे जाऊन तारीख मान्य केली, तीही आपल्या घटनेतली.

मांडवी_काठ

म्हणूनच मुक्तीआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना अजून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. माझा मामेभाऊ गेल्या वर्षी लिस्बनला आजोबांची जन्मनोंद करून आला, आता लंडनच्या वाटेवर. १९५१ ची ती घटनादुरुस्ती सालाझारच्या नाही, पण आमच्या कामी आली बघा.

जुनाटपान

@मांडवी_काठ, वकिली खोड, माफ करा. नागरिकत्व १९५१ मुळे नाही. गोव्यात जन्मलेला पोर्तुगीज नागरिक हे त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. १९५१ ला फक्त जागेचं नाव बदललं, माणसाचं नाही. मामेभावाला मात्र शुभेच्छा कळवा. आणि आजोबांचा तो 'एस्तादो द इंडिया' छापलेला मूळ कागद त्याच्याकडून परत घ्या, लिस्बनच्या फायलीत राहिला तर पुन्हा दिसायचा नाही.